रांजणापर्यंत

मुलगा यंदा दिवाळीला पुण्याहून यवतमाळला आला तो मानेला पट्टा लावूनच. वय अवघे तेहतीस. "दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, बाबा, काय करणार?" असे म्हणून तो हसला. मला काही हसता आले नाही. बसून करण्याची नोकरी त्याला मिळावी म्हणून कळंबच्या चिंतामणीला नवस बोललो होतो तो मीच!

माझे वडील दारव्हा तालुक्यात पटवारी होते. पेरेपत्रकासाठी काळ्या मातीतून पायपीट करून ते आले की मी त्यांच्या पायांना तेल चोळीत असे, आणि आपण मोठेपणी खुर्चीवर बसायचे, असे मनाशी ठरवीत असे. घरी ते ठेंगण्या मेजापुढे मांडी घालून लिहीत. पायाला मुंग्या आल्या की उठत, अंगणात एक फेरी मारीत, पुन्हा बसत. त्या मुंग्यांचे उपकार मला फार उशिरा कळले. चांगली खुर्ची असा निरोप वेळेवर धाडीतच नाही.

१९७९ साली मी कचेरीत कारकून झालो. फायलींचे बस्ते एका टोकाला, पाण्याचा रांजण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. दुपारी चारच्या सुमारास बेरीज जुळेनाशी झाली, आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले, की मी रांजण गाठी. आणि गंमत पाहा, परत येताना खांबापाशीच आठवे की अमुक ओळीत साताचा एक झाला आहे! साहेब मला 'पाणक्या' म्हणत. मलाही तो आपला आळसच वाटे.

पुढे कॉम्प्युटर आला, फायली त्याच्या पोटात गेल्या; टेबलावर बाटली आली, रांजण गेला. उठायला निमित्तच उरले नाही. दोन वर्षांत माझ्या कमरेला पट्टा आला. तो आता मुलाच्या मानेवर चढला आहे.

जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरची माणसे तपासून पाहिली. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक, जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. पुढे १९५६ साली गणवेशाच्या पाटलोणींची मापे पाहिली, तर ड्रायव्हरांच्या कमरेचे घेर मोठे, तेही तरुणपणापासूनच. तेव्हा सगळे खापर बैठकीवर फोडता येत नाही, हे कबूल. पण म्हणून काही जिन्याची बाजू पडत नाही.

व्यायाम आम्हां वऱ्हाडकरांना नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. मीही रोज पहाटे बारा नमस्कार घाली. चूक एवढीच, की तेवढ्याने दिवसभर न हलण्याचा परवाना मिळाला, असे समजे. आता डॉक्टर दर अर्ध्या तासाने उठायला सांगतात; ताठ बसलात तरी तासन्‌तास त्याच ताठपणात राहू नका, म्हणतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलगा माजघरात काम मांडून बसला. मी हळूच त्याची पाण्याची बाटली उचलली.

"बाबा, माझी बाटली कुठे?"

"अंगणात. तुळशीपाशी."

"तिथे कशाला ठेवली?"

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग खुर्ची करकरली.