रागाचे शब्दयोगी अव्यय

परीक्षेत शून्य मिळणे ही काही लेख लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे. आमच्या वर्गात ते अनेकांना अनेकदा मिळाले आहे आणि कोणी त्याचा गवगवा केलेला नाही. परंतु दोघांत मिळून एकच शून्य मिळण्याचा मान आजवर फक्त मला आणि माझ्या बाकावरच्या सोबत्याला लाभला आहे. म्हणून ही हकीकत.

गेल्या वर्षी इंग्रजीची एक छोटी चाचणी झाली. विषय होता, कोणत्या विशेषणापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते. वडील माझ्यावर रागावले आहेत, मी कुत्र्याला भितो, बहिणीचे लग्न एका शिक्षकाशी झाले आहे, ती गणितात हुशार आहे, अशा अर्थाची चार साधी इंग्रजी वाक्ये होती आणि प्रत्येकात एक जागा रिकामी होती. मी क्षणाचाही विलंब न लावता भरून टाकले : अँग्री ऑन, अफ्रेड टू, मॅरीड विथ, गुड इन. हवे होते अँग्री विथ, अफ्रेड ऑफ, मॅरीड टू आणि गुड ॲट. चारांपैकी चारही चुकली!

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचीही हीच चार उत्तरे होती, त्याच क्रमाने. बरोबर उत्तरे सारखी आली तर ती अभ्यासाची आणि चुका सारख्या आल्या तर त्या चोरीच्या, हा परीक्षकांचा जुना न्याय आहे. दोन्ही पेपरांवर तांबड्या शाईने ‘कॉपी’ असा शेरा आला आणि त्याखाली शून्य.

मी कोणाच्या पेपरात डोकावलो नव्हतो, हे मला पक्के ठाऊक होते. तेव्हा डोकावला असणार तो. त्यालाही स्वतःविषयी तितकीच खात्री होती, म्हणून त्याच्या लेखी चोर मी होतो. दोघांनी एकमेकांना विचारले मात्र नाही. मी बाक बदलला. वर्षभर एका डब्यात जेवलेलो आम्ही, महिनाभर एकमेकांची सावली चुकवीत राहिलो.

तो चिक्कोडीकडच्या एका खेड्यातला, घरी कन्नड बोलणारा. मी निपाणीजवळचा, घरी मराठी बोलणारा. आमच्या भागात यात नवल काहीच नाही. निपाणीहून कागलच्या दिशेने निघाले की गाव संपते न संपते तोच अर्जुननगरला महाराष्ट्र लागतो. पण त्या अबोल्याच्या दिवसांत माझ्या मनात कधी नव्हे तो विचार येऊन गेला. ‘शेवटी तो तिकडचाच,’ असे मी एकदा मनाशी म्हणालो. मराठी मित्राने कॉपी केली असती तर मी त्याला ‘तिकडचा’ म्हटले नसते. आज ते आठवले की शून्यापेक्षा त्याचीच लाज अधिक वाटते.

एके दिवशी संध्याकाळी मी निपाणीच्या स्टँडवर उभा होतो. पलीकडच्या खांबाला टेकून तो उभा होता आणि त्याच्याजवळ बाजाराची पिशवी घेऊन त्याची आई. तिच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली होती. तिने मला पाहिले आणि तिथूनच हाक मारली, “का रं बाळा, गावाकडं फिरकला न्हाईस?” मी पुटपुटलो, “अभ्यास होता, अव्वा.” तिने एकदा माझ्याकडे, एकदा लेकाकडे पाहिले आणि त्याला विचारले, “इंव निन्न म्याल सिट्टाग्यानेन?”

हा तुझ्यावर रागावला आहे का? एवढाच त्याचा अर्थ. पण ‘निन्न म्याल’ हे शब्द कानांवर पडले आणि मी जागच्या जागी थबकलो. ‘म्याल’ म्हणजे वर. म्हणजे कन्नडमध्येही राग माणसाच्या वरच असतो! मी खांबाकडे गेलो आणि महिन्याभरात प्रथमच त्याच्याशी बोललो. “कुत्र्याला भितो, हे तुमच्यात कसं म्हणतात?” तो गोंधळून म्हणाला, “नायिगे हेदरतेनि.” ‘गे’ म्हणजे ला. लग्न कसे होते? मास्तर जोडी, म्हणजे मास्तरांसोबत. हुशार कशात? गणितदाग श्याण्या. ‘दाग’ म्हणजे त, आणि ‘श्याण्या’ तर आपला शहाणाच. वर, ला, शी, त. म्याल, गे, जोडी, दाग. ऑन, टू, विथ, इन. दोघांनी आपापल्या आईच्या भाषेतून इंग्रजीत उडी मारली होती आणि दोघे एकाच खड्ड्यात पडलो होतो.

गाडी चुकली, पण अबोला सुटला.

दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर तीन रकाने आखून आम्ही सरांपुढे ठेवले. सरांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, “बसा.” पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही.

सरांनी सांगितले, इंग्रजीत विशेषण आणि नाम यांच्यामध्ये हे अव्यय उभे असते. दिसायला ते नामाला जोडलेले, पण त्याची निवड करते विशेषण. ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’च लागते, मग पुढे कुत्रा असो की परीक्षा. प्रश्न विचारताना नाम पुढे निघून गेले, तरी ‘ऑफ’ बिचारे ‘अफ्रेड’पाशीच थांबते. कधी अव्यय बदलले की अर्थही बदलतो. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या कामात तरबेज, ‘गुड फॉर’ म्हणजे हितकारक, ‘गुड टू’ म्हणजे कोणाशी चांगले वागणारा. सुपीरियर, सीनियर, ज्युनियर हे शब्द लॅटिनमधून आलेले, म्हणून त्यांना तुलनेचे नेहमीचे ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागते. आणि ‘डिफरन्ट’पुढे काय घ्यावे यावर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. ‘फ्रॉम’ सर्वत्र चालते, पण इंग्लंडात ‘टू’ आणि अमेरिकेत ‘दॅन’ही सर्रास ऐकू येते. तेव्हा ही जोडी तर्काने सापडत नाही, सवयीने जुळते. शब्द पाठ करताना एकटे विशेषण पाठ करू नये, त्याच्या अव्ययासकट करावे.

मग सरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या कोणत्याही परीक्षेला येणार नाहीत. 1956 साली 1 नोव्हेंबरला भाषावार राज्ये झाली आणि आपल्या भागात सीमा आखली गेली. त्याच 1956 साली द्राविडी भाषांचे अभ्यासक एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असा निबंध प्रसिद्ध केला. कुळे वेगळी असली तरी शतकानुशतके शेजारी राहून इथल्या भाषांनी एकमेकींच्या लकबी उचलल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1971 साली गम्पर्झ आणि विल्सन यांचा कुपवाडवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कुपवाड म्हणजे आपल्या सांगली-मिरजेशेजारचे. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्ये त्यांनी शेजारी शेजारी मांडली. शब्द निरनिराळे, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच. “रागाचं म्हणाल तर हिंदीतही ‘मुझ पर’च असतो,” सर म्हणाले. “म्हणजे तुमची ही चूक दोघांपुरतीसुद्धा नाही. ती साऱ्या देशाची आहे.”

एवढे बोलून त्यांनी तांबडे पेन काढले आणि दोन्ही पेपरांवरचा ‘कॉपी’ हा शब्द खोडला. शून्य मात्र तसेच ठेवले. उत्तरे चुकलीच होती.

त्या दिवसापासून मला एक गंमत वाटते. आपल्या दोन्ही भाषांत राग माणसावर, प्रेम माणसावर आणि विश्वासही माणसावरच. जे काही आहे ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे! इंग्रजीत राग ‘विथ’, म्हणजे सोबत. व्याकरणातून असे अर्थ काढू नयेत, हे मला सर सांगतीलच. पण मी महिनाभर मित्रावर रागावलो होतो, त्याच्यासोबत राहून रागावलो असतो, तर पहिल्याच दिवशी दोन्ही पेपर शेजारी ठेवून पाहिले असते.

आता आम्ही पुन्हा एका बाकावर बसतो. याच अंकाच्या कन्नड विभागात त्याचाही लेख आहे, तोही याच शून्यावर. दोन्ही लेख सारखे वाटले तर वाचकांनी कृपया तांबडे पेन काढू नये.