आमचे दोन कॅमेरे

आमच्या संग्रही दोन कॅमेरे आहेत. एक सन 2005 चा कॅनन पॉवरशॉट ए520, खिशात मावणारा, 4 मेगापिक्सेलांचा. दुसरा सन 2018 चा निकॉन डी3500, भिंग बदलता येणारा, 24 मेगापिक्सेलांचा. दोन्ही नवशिक्यांकरिताच निर्मिलेले. आमचे विद्यार्थी मेगापिक्सेलांचा आकडा पाहून तत्काळ निकाल देतात. परंतु खरा भेद निराळाच आहे. प्रकाश टिपणारा संवेदक जुन्यात करंगळीच्या नखाएवढाही नाही. नव्यातील त्याच्या सुमारे 15 पट मोठा आहे.

या भेदाचे मोल आम्हांस उशिरा कळले. शाळेच्या वृद्ध शिपायांच्या निरोपसमारंभी, सायंकाळच्या अंधुक सभागृहात, फ्लॅशने त्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून तो बंद ठेवून आम्ही जुन्या कॅमेऱ्याने त्यांचे छायाचित्र घेतले. अशा उजेडात पडदा अधिक काळ उघडा राहतो. आमचा हात हलला आणि मुद्रा पुसट उमटली. दोष यंत्राचा नव्हे, आमचा. पुढील वर्षी ते निवर्तले. त्यांच्या कन्येने छायाचित्र मागितले, तेव्हा तेच तिच्या हाती द्यावे लागले.

नवा कॅमेरा आम्ही त्यानंतर घेतला. त्याच सभागृहात आता चेहरे स्वच्छ उमटतात. तथापि जुना टाकवला नाही. त्यास दोन पेन्सिल सेल पुरतात व ते खेड्यातील दुकानीही मिळतात. नव्याची बॅटरी मात्र घरूनच चार्ज करून न्यावी लागते, आणि आमचा विसराळूपणा सर्वश्रुत आहे! गेल्या सहलीची सारी छायाचित्रे जुन्यानेच घेतली. त्या दिवशी ऊन भरपूर होते.