भागायचंच कशाला?

एकवीस सभासदांच्या मंडळातून एक अध्यक्ष आणि एक सचिव किती प्रकारे निवडता येईल? अध्यक्षपदाला २१ पर्याय, तो ठरला की सचिवपदाला २०, उत्तर ४२०. हेच गणित जावात पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने केलं, म्हणजे ६४ बिटांच्या लाँगमध्ये २१ च्या फॅक्टोरिअलला १९ च्या फॅक्टोरिअलने भागलं, तर उत्तर येतं उणे ३४. एरर नाही, इशारा नाही. लाँगमध्ये २० चं फॅक्टोरिअल, २४३२९०२००८१७६६४००००, मावतं. २१ चं मावत नाही, वरचे बिट गळतात आणि उरलेला आकडा ऋण निघतो. पुढे ६६ च्या फॅक्टोरिअलमध्ये २ हा अवयव बरोबर ६४ वेळा येतो, म्हणून चौसष्टच्या चौसष्ट बिट शून्य होतात. सत्तर जणांतून पहिले तीन क्रमांक काढताना मग शून्याला शून्याने भागायची पाळी येते आणि प्रोग्राम बंद पडतो. उणे ३४ पेक्षा हे मला बरं वाटतं. निदान चूक कळते.

चूक सूत्रात नाही, ते आकडेमोडीला जुंपण्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाशाच्या प्रकरणात शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे बदलता येतील, असं उदाहरण आहे, उत्तर ३६,२८,८००. तिथे दहाही अंक लागतात. पण जागा कमी असतील, तर त्यांचा नियम वरून एकेक कमी करत, जितक्या जागा तितकेच अंक गुणायला सांगतो. शून्य सोडून नऊ अंक आणि सहा जागा असतील, तर ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६०,४८०. सूत्र जे आधी गुणून मग छेदतं, ते इथे मुळात गुणलेलंच नसतं.

पायथॉनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो, मग काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. उत्तर बरोबर येईल, हे खरं. पण दहा लाखांतून दोन क्रमाने निवडायला एक गुणाकार पुरतो, आणि दहा लाखांच्या फॅक्टोरिअलला ५५,६५,७०९ अंक असतात. सूत्र ओळखीचं आहे, वाचणाऱ्याला पटकन कळतं, हा आक्षेप अधिक वजनदार. सिद्धता मांडताना मीही तेच वापरीन. मात्र उतरता गुणाकार वाचला की पहिली खुर्ची, दुसरी खुर्ची डोळ्यांसमोर येते. अंतिम उत्तरच लाँगमध्ये मावत नसेल, तर ही रीतही वाचवणार नाही, हे मान्य. पण तिघांतून पाच जागा भरायला सांगा: ३ × २ × १ × ०. शून्य आपोआप येतं. सूत्र मात्र उणे दोनचं फॅक्टोरिअल मागत बसतं.