अम्मीने शिवलेली दारे

अब्बांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले होते. ऊर्जानगरचे क्वार्टर सोडावे लागणार म्हणून दुर्गापूरला घर बांधायला काढले होते. स्लॅब पडला होता, गिलावा बाकी होता. अशा वेळी अब्बा एक जुनी महिंद्रा जीप घेऊन आले. वर ताडपत्रीचे हूड, बाजूंना काहीच नाही. गिलाव्याचे पैसे कुठे गेले, हे अम्मीला विचारावे लागले नाही.

"घराला दारे नाहीत, आता गाडीलाही नाहीत," एवढेच ती म्हणाली. पुढे महिनाभर ती त्यांच्याशी कामापुरतेच बोलली.

अब्बांचा या गाडीवर लहानपणापासून जीव. १९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे ते आम्हाला कौतुकाने सांगत. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलाही दारे नव्हती, माणूस बाहेर पडू नये म्हणून नुसता आडवा पट्टा असे, हेही ते सांगत. त्यावर अम्मी म्हणायची, "मी काही लढाईवर निघालेली नाही."

जुलैत नानी तापाने आजारी असल्याचा निरोप आला. अम्मीचे माहेर मूलजवळ. बस निघून गेली होती, म्हणून अम्मी काही न बोलता जीपमध्ये बसली. लोहाऱ्याच्या जंगलात पावसाने गाठले. हूडमुळे डोकी कोरडी राहिली, पण चालत्या जीपमध्ये पाऊस बाजूनेच जास्त मारतो. त्यात समोरून येणारा प्रत्येक ट्रक चिखलाचे पाणी उडवून जाई. पोचलो तेव्हा अम्मी नखशिखांत भिजली होती. नानीने खाटेवरून हात पुढे केला. तापल्या अंगाला ओला हात कसा लावायचा, म्हणून अम्मी उंबऱ्यातच उभी राहिली. अब्बांनी ते पाहिले.

पुढच्याच रविवारी त्यांनी काम काढले. सगळी नोकरी फिटरची, लोखंड हातचे. आधी पुठ्ठा कापून उघड्या जागेचे माप घेतले, मग त्यावरून अर्ध्या इंची पाइप वाकवून चौकटी केल्या. गाडीला नवे भोक पाडायचे नाही, हा त्यांचा नियम. उन्हाळ्यात दारे उचलून बाजूला ठेवता यावीत, म्हणून आधीच्याच भोकांत खुंट्या बसवल्या आणि चौकटी वरून त्यांत उतरवल्या. चौकटीवर ताडपत्री ताणली, मध्ये जाड पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. दिसायला झकास! भावाने नळीने पाणी मारले आणि मिनिटाभरात आतली सीट भिजली.

अम्मी दारातून पाहत होती. "हूडची झालर दाराच्या आत घेतलीत," ती म्हणाली. "कौले अशी घालतात का? वरचे कौल खालच्याच्या वरून येते." महिन्याभरातले तिचे ते सर्वांत लांब बोलणे.

मग ताडपत्री तिच्या मशीनवर आली. झालर चार बोटे लांब करून दाराबाहेर सोडली. समोरच्या काचेच्या चौकटीला एक पट्टी लावली. ती दाराच्या पुढच्या कडेवरून मागे येते, त्यामुळे वारा आत शिरण्याऐवजी तिलाच दाबून धरतो. प्लॅस्टिकवर बारीक टाके घातले तर ते बसच्या तिकिटासारखे ओळीत फाटते, म्हणून टाका मोठा घेतला आणि दोन्ही बाजूंनी रेग्झिनची पट्टी दिली. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. त्यासाठी शिवणीवर मेणबत्ती घासून वरून गरम चमचा फिरवला. तळाला पाणी निघून जायला दोन भोके ठेवली. आतून काचेवर वाफ धरू नये म्हणून वरच्या कोपऱ्यात उघडता येणारी झडप केली. कडी लहान मुलालाही आतून उघडता आली पाहिजे, हा तिचा हट्ट अब्बांनी मुकाट्याने मानला. पुन्हा नळी लावली. एका कोपऱ्यात चार थेंब आले, तेवढेच.

ऑगस्टमध्ये नानीला डॉक्टरला दाखवायला चंद्रपूरला आणले. तेच जंगल, तसाच पाऊस. नानी प्लॅस्टिकवर तळवा टेकवून बाहेरची धानाची रोवणी पाहत होती. तिचा दुसरा हात अम्मीच्या कोरड्या हातात होता.

नानी आता नाही. घराचा गिलावा दुसऱ्या वर्षी झाला. इथल्या उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते आणि घडी घातली तर तिथेच चिरते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही खिडक्या सपाट, सावलीत ठेवतो. दर जूनमध्ये अब्बा खुंट्यांना तेल देतात, अम्मी शिवणींवर नवे मेण घासते. कोणी गाडीचे कौतुक केले की ती लगेच सांगते, "जीप यांची. दारे माझी."