वही कुणाच्या घरी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि घरातले लहानथोर तिला नमस्कार करतात. मला मात्र त्या वेळी नेहमी एक अप्रस्तुत प्रश्न सुचतो. ह्या वहीत वर्षभर जे लिहिले जाईल, ते वाचण्याचा अधिकार नमस्कार करणाऱ्यांपैकी कितीजणांना असतो? जगातल्या माणसांचे मी दोनच वर्ग मानीत आलो आहे. एक, वही ज्यांच्या घरी असते त्यांचा. आणि दुसरा, वहीत ज्यांचे नुसते नाव असते त्यांचा.

आमचे घराणे दुसऱ्या वर्गातले. खापा हे कन्हानच्या काठचे विणकरांचे जुने गाव. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणीत. सूत उधारीवर येई आणि ती उधारी सावकाराच्या वहीत चढे. तिथली लिपी आजोबांना वाचता येत नसे. अंगठा तेवढा उठवता येई. शेवटची रक्कम आपण फेडली आहे, असे ते मरेपर्यंत सांगत. वही म्हणे, फेडलेली नाही. माग गेला. कोण खरे बोलत होते, हे पडताळून पाहायला दुसरी वहीच नव्हती. तोटा मागाचा झाला, तो एका पिढीत भरून निघाला. पण ती शंका अजून आमच्या घरात वस्तीला आहे.

वही एकच असली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १८७५ साली पाहिले आहे. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, ऐन बाजारच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी रोखे-खतपत्रे जाळली. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती वहीला उत्तर म्हणून काडीच उरते. पुढे कायदे झाले. आमच्या मध्यप्रांतातही १९३४ साली सावकारी कायदा आला आणि सावकाराने ऋणकोला हिशेबाचा उतारा द्यावा असे ठरले. फार चांगले झाले. फक्त तो उतारा वाचण्याचे साधन कायद्याबरोबर घरपोच आले नाही.

हे सारे मनात येण्याचे निमित्त म्हणजे आमच्या घरात आलेला एक डबा. नागपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने तो आणून फडताळात ठेवला. पानाच्या डब्याएवढे यंत्र, त्याला चिकटलेली एक तबकडी आणि एक मिणमिणता हिरवा दिवा. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "काय करून राहिलं हे डबडं?" तो म्हणाला, "काकू, वही लिहून राहिलं." "मग पैसे किती देते?" "एक पैसाही नाही."

माझे कुतूहल त्या शेवटच्या उत्तराने जागे झाले. मोबदल्यावाचून हिशेब लिहिणारा कारकून मी आयुष्यात पाहिला नव्हता.

ती वही बिटकॉइनची. ३ जानेवारी २००९ ला तिचे पहिले पान लिहिले गेले आणि तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांनी एक पान वाढते आहे. नवे पान जोडण्याची शर्यत खेळणारे, त्यासाठी प्रचंड वीज जाळणारे आणि बक्षीस मिळवणारे वेगळे. त्यांना खाणवाले म्हणतात. आमचा डबा त्यांतला नव्हे. तो 'पूर्ण नोड'. आलेले प्रत्येक पान तपासायचे, नसलेला पैसा कुणी खर्चला नाही ना, एकच पैसा दोघांना दिला नाही ना, हे पाहायचे, आणि जुळले तरच आपल्या प्रतीत उतरवून घ्यायचे, एवढेच त्याचे काम. त्याला महिन्याला चार-पाच युनिट वीज पुरते. अशा प्रती जगभर हजारो घरी आहेत. ही वही जाळायची तर काडी कुठे लावणार?

मग मी माझा जुना प्रश्न विचारला. ही वही ठेवायला घरात जागा किती लागते? पुतण्याने सांगितले की पहिल्या पानापासूनची सगळी वही आज ७०० गिगाबाइटांच्या आसपास आहे. म्हणून हजार गिगाबाइटांची तबकडी घेतली, आणि कामाच्या स्मृतीसाठी, म्हणजे रॅमसाठी, ८ गिगाबाइट.

ह्या दोन स्मृतींतला फरक मला मागावरून कळला. माळ्यावर सुताचा साठा कितीही असो, विणकराच्या हाताशी भरलेल्या कांड्या नसतील, तर दर दोन फेकींनी उठावे लागते आणि दिवस उठण्याबसण्यातच जातो. इथेही तसेच आहे. सगळी वही माळ्यावर. पण कुठला पैसा अजून खर्चायचा राहिला आहे, ह्याची चालू यादी सारखी चाळावी लागते. ती यादीच ११ गिगाबाइटांच्या घरात गेली आहे. तिचा जितका भाग रॅममध्ये मावेल तितके काम झपाट्याने होते. उरलेल्यासाठी तबकडीकडे धाव घ्यायची. म्हणून फिरत्या चकतीची जुनी तबकडी इथे रडते आणि न फिरणारी, एसएसडी, धावते. आमच्या डब्याला जुनी पाने तपासून आजच्या पानापर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. वीज गेली की तो थांबे आणि आली की राहिल्या जागेवरून पुढे चाले. ज्याच्याकडे जागा कमी, त्यालाही सोय आहे. सगळी पाने एकदा तपासून जुनी टाकून द्यायची. अलीकडची पाने आणि ती यादी तेवढी ठेवायची.

वरवर हा सामानसुमानाचा रुक्ष तपशील. पण त्यावरून जगात केवढे भांडण झाले! २०१० साली एका पानाला एक मेगाबाइटची मर्यादा घातली गेली. २०१५ पासून पुढे दोन वर्षे काहीजण म्हणत राहिले, पाने मोठी करा, म्हणजे व्यवहार पुष्कळ मावतील. दुसरे म्हणाले, पाने मोठी झाली तर सामान्य माणसाच्या घरात वही मावणार नाही. हिशेब साधा आहे. दिवसाला १४४ पाने. एक मेगाबाइटने वर्षाला सुमारे ५३ गिगाबाइट होतात आणि आठाने ४२०. अखेर १ ऑगस्ट २०१७ ला मोठ्या पानांचा पक्ष 'बिटकॉइन कॅश' नावाने, आठ मेगाबाइटची मर्यादा घेऊन वेगळा निघाला. मूळ वहीनेही त्याच महिन्यात मोजण्याची रीत बदलून थोडी जागा वाढवली, पण बेतानेच. 'सोलाना' नावाची आणखी एक वही आहे. तिचा वेग मोठा. पण पाने पडताळणाऱ्या यंत्राला २५६ गिगाबाइटांवर रॅम लागते. तसले यंत्र खाप्याच्या फडताळात येत नाही.

माझ्याजवळ बिटकॉइनचा एक तुकडाही नाही. त्याच्या किमतीच्या चढउताराने पुष्कळांचे हात पोळले आहेत, आणि २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला आपल्याकडे ३० टक्के कर आहे. वही बिनचूक असली म्हणून तिच्यातली माणसे सज्जन ठरत नाहीत, हेही मला कळते. कुणी कुणाला फसवून घेतलेला पैसाही तिच्यात बिनतक्रार जुळतो. पण मला तिच्यातला एक विचार पटला आहे. वाचण्याचा हक्क नुसता देऊन भागत नाही. वाचण्याचे साधन गरिबाच्या घरात मावेल, इतपत वहीला लहान ठेवावे लागते. वहीचे वजन वाढले की साक्षीदार गळू लागतात, आणि शेवटी वही पुन्हा एकाच घरी जाऊन बसते.

तबकडी तीन-चार वर्षांत भरेल, असे पुतण्या म्हणतो. नवी घ्यावी लागेल. मी तो खर्च वर्तमानपत्राच्या बिलाशेजारी आतापासूनच मांडून ठेवला आहे.