कैबाबच्या पठारावर
अमेरिकेतील अरिझोना संस्थानात, ग्रँड कॅन्यन या अफाट दरीच्या उत्तरेस, कैबाब नावाचे वृक्षराजीने गजबजलेले पठार आहे. १९०६ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तेथील हरणांना अभय दिले. पुढे सरकारी शिकाऱ्यांनी लांडगे व डोंगरी सिंहही मारले. कळप वाढले, चारा सरला, आणि १९२४ च्या सुमाराच्या हिवाळ्यांत हजारो हरणे अन्नावाचून मेली! म्हणून आता शिकार मोजून होते. मारलेल्या प्राण्यास बांधावयाची चिठ्ठी सोडतीने मिळते. एका चिठ्ठीवर एकच हरिण. सोडतीत निराश झालेल्यास एक गुण लाभतो, आणि पंचमांश चिठ्ठ्या सर्वाधिक गुणवाल्यांसाठी राखून ठेवतात. परप्रांतीयांच्या वाट्याला दशांशाहून अधिक जात नाहीत. नुसत्या दयेने जी हरणे उपाशी मेली, ती आज हिशेबाने जगतात, हे सुज्ञ वाचकांनी मनन करण्याजोगे नाही काय?