मुदतीचें घर

गरिबास निवारा मिळावा आणि धनिकाचा करहि कमी व्हावा, हीं दोन्ही कामें एकच कायदा करूं पाहतो असें ऐकल्यावर प्रथम मनांत शंकाच येते. अमेरिकेंत १९८६ सालच्या करसुधारणेच्या कायद्यानें नेमका हाच मार्ग धरला, व तो आजहि चालू आहे. आम्हांस मात्र त्याच्या हिशेबापेक्षां त्याच्या मुदतीनें अधिक विचारांत पाडिलें.

हिशेब असा: मध्यवर्ती सरकार प्रत्येक संस्थानास लोकसंख्येच्या मानानें करसवलतीचा वांटा नेमून देतें. संस्थानाची गृहसंस्था आलेल्या योजनांतून निवड करून तो बांधणारांस देते. बांधणारास स्वतःस एवढा कर भरावयाचा नसतो. म्हणून तो एखाद्या बँकेस भागीदार करून घेतो. बँक भांडवल पुरविते आणि तिच्या देय करांतून दहा वर्षें ठराविक रक्कम वजा होते. हें भांडवल कर्जाऊ नसल्यामुळें व्याजाचा बोजा हलका होतो व भाडें कमी ठेवितां येतें. भाडेकरू सामान्यतः त्या भागांतील मध्यम उत्पन्नाच्या शेंकडा ६० या मर्यादेच्या आंतले असावे लागतात, आणि भाडें त्या मर्यादेच्या शेंकडा ३० हून अधिक घेतां येत नाहीं. अशा रीतीनें ३० लाखांहून अधिक बिऱ्हाडांची सोय झाली आहे.

कायदा कल्पक खरा. पण त्याच्या पोटांत एक तारीख आहे. आरंभीं अट १५ वर्षांची होती. १९९० पासूनच्या योजनांस ती निदान ३० वर्षांची झाली. त्यांतहि पंधरा वर्षांनंतर कांहीं परिस्थितींत मालकास बाहेर पडण्याची वाट कायद्यानेंच ठेविली आहे. अट सुटली कीं भाडें बाजारभावाचें.

व्हर्माँट संस्थानांतील बर्लिंग्टन या सुमारें ४५ हजार वस्तीच्या शहरास हें संकट लवकर कळलें. तेथील नॉर्थगेट नांवाच्या ३३६ बिऱ्हाडांच्या वसाहतीवर सरकारी साहाय्याची जुनी अट होती. ती सुटण्याची वेळ आली तेव्हां भाडेकरू संघटित झाले, नगरपालिका त्यांच्या पाठीशीं उभी राहिली, आणि १९८९ सालीं वसाहत खासगी मालकाकडून सोडविली गेली. त्या कामीं ही नवी करसवलतहि उपयोगी पडली. त्याच शहरांत १९८४ सालीं नगरपालिकेच्या साहाय्यानें एक भूमिविश्वस्त संस्था निघाली होती. २००६ सालीं दुसऱ्या एका संस्थेशीं मिळून ती चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झाली. तिचें तत्त्व सोपें आहे: जमीन विश्वस्तांची, ती विकावयाची नाहीं, घर हातोहात गेलें तरी त्याची किंमत आटोक्यांत राहावी. ही संस्था करसवलतीच्या योगानें भाड्याचीं घरेंहि बांधते. पण तीं पुन्हा बाजारांत जाऊं नयेत हा नेम तिचा स्वतःचा.

तीस वर्षें ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु सून म्हणून उंबरठा ओलांडलेली मुलगी तेवढ्या काळांत सासू होते. ज्या वयांत हातपाय हलविणें जड जातें, नेमकें तेव्हांच बिऱ्हाड हलविण्याची पाळी यावी, हें आम्हांस निष्ठुर वाटतें. आपल्या जुन्या दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे शब्द आढळतात, ते उगीच नव्हेत.

अखंड अट घातली तर पैसा कोण घालील, असा आक्षेप घेतात. त्यांत तथ्य आहे. छप्पर गळूं लागलें तर चंद्रसूर्य डागडुजी करीत नाहींत. मोठ्या दुरुस्तीसाठीं विश्वस्तांसहि भांडवल शोधावें लागतें. परंतु बँकेची वजावट दहा वर्षांत पुरी होते. लोकांच्या तिजोरींतून तिचें देणें फिटल्यावर घर लोकांच्याच उपयोगीं राहावें, ही मागणी आम्हांस अवास्तव वाटत नाहीं. बर्लिंग्टनच्या विश्वस्तांनीं ती आरंभींच कागदावर लिहून ठेविली.